वॅगन लोकांनी सोडली की कंपन्यांनी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन स्टेशन वॅगनवरच्या (कारचंच छत मागेपर्यंत नेऊन डिकी आत घेतलेल्या लांब गाडीवरच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत भागणारं हे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. वॅगन संपल्याचं सगळं खापर मी मायलेजच्या सरकारी नियमांवर फोडलं, कारण ते कारला कडक आणि ‘ट्रक’ ठरणाऱ्या एसयूव्हीला सैल होते. प्रत्यक्षात लोकांना उंच बसायला आवडतं, वॅगनवर ‘आईची गाडी’ असा शिक्का बसला होता, म्हणून ती गेली. त्याला तुम्ही तीन पुरावे दिलेत. २०११ च्या मॉडेलपासून टू-व्हील-ड्राइव्ह छोट्या एसयूव्ही कायद्याने ‘कार’मध्येच मोजल्या जातात, तरी वॅगन परतली नाही. युरोपात असा नियम नाही, तरी तिथेही एसयूव्हीच पुढे आहेत. आणि होंडा सीआर-व्हीच्या डिकीत कुठल्याही मध्यम वॅगनपेक्षा जास्त जागा आहे.

पहिला मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा होता. तो राहिला, ही माझी चूक. दुसरा मुद्दाही खरा आहे. तरीही तुमचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण मागणी कमी होणं वेगळं आणि गाडी बाजारातून नाहीशी होणं वेगळं. आवडीनिवडी बदलल्या म्हणून वॅगन कमी झाली असती. ती संपली, ती हिशेबामुळे. तो हिशेब मी लेखात मांडला नव्हता, तो आता मांडतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली कायदा झाला आणि १९७८ च्या मॉडेलपासून प्रत्येक कंपनीच्या सगळ्या कारच्या सरासरी मायलेजला किमान मर्यादा आली. यालाच ‘कॅफे’ म्हणतात. सुरुवात गॅलनला १८ मैलांनी झाली, १९८५ साठी २७.५ ठरले. मध्ये तीन वर्षं ते २६ वर आणले गेले, पण १९९० मध्ये पुन्हा २७.५ झाले. हलक्या ट्रकचा, म्हणजे पिकअप, व्हॅन आणि एसयूव्हींचा रकाना वेगळा होता आणि तिथली मर्यादा १९९० मध्ये सुमारे २० होती.

आता ही सरासरी कशी काढतात ते पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. मायलेजचे आकडे बेरजेने जोडून भागत नाहीत. लागलेल्या पेट्रोलची बेरीज करतात. समजा कंपनीने ३० मैलांच्या १०० छोट्या गाड्या विकल्या आणि १८ मैलांच्या १०० मोठ्या वॅगन. साधी सरासरी येईल २४. पण कायद्याचं गणित असं: १०० भागिले ३० म्हणजे ३.३३, १०० भागिले १८ म्हणजे ५.५६, बेरीज ८.८९. २०० गाड्यांना ८.८९ ने भागलं की येतात २२.५. मोठी गाडी सरासरीला तिच्या संख्येपेक्षा जास्त खाली ओढते. दंड होता मैलाच्या प्रत्येक दशांश तुटीला ५ डॉलर, आणि तो फक्त वॅगनवर नाही, त्या रकान्यातल्या प्रत्येक गाडीवर. २७.५ ऐवजी २२.५ आले तर पन्नास दशांश तूट, म्हणजे गाडीमागे २५० डॉलर. वर्षाला दहा लाख कार विकणाऱ्या कंपनीला २५ कोटी डॉलर.

आता त्याच शंभर गिऱ्हाइकांना त्याच १८ मैलांची, पण ट्रकच्या सांगाड्यावरची एसयूव्ही विका. कारच्या रकान्यात उरल्या फक्त ३० मैलांच्या, सरासरी एकदम ३०. ट्रकच्या रकान्यात तूट उरली दोनच मैलांची. पेट्रोल तेवढंच जळलं. कागदावर मात्र कारच्या रकान्यात कंपनी कायद्यात बसली आणि एकूण तूट बरीच घटली.

हा माझा तर्क नाही, कंपन्या असंच करत होत्या. फोर्डचं उदाहरण घ्या. कॅफेच्या हिशेबात ‘देशी’ आणि ‘आयात’ कारही वेगवेगळ्या मोजल्या जात. ७५ टक्क्यांपेक्षा कमी सुटे भाग देशी असले तर गाडी आयात ठरे. फोर्डने १९९२ च्या क्राउन व्हिक्टोरिया या मोठ्या सेडानचे भाग मुद्दाम बाहेरून घेतले, ती त्या रेषेखाली आणली आणि छोट्या आयात गाड्यांच्या सरासरीत बसवली. देशी गाड्यांची सरासरी त्यामुळे मोकळी झाली. आणि त्याच १९९२ च्या नव्या अवतारात वॅगन काढलीच नाही. १९५० पासून लाकडी पट्ट्यांची शान मिरवणारी फोर्डची कंट्री स्क्वायर वॅगन १९९१ च्या मॉडेलबरोबर संपली. सेडान वाचवायला कंपनी इतकी खटपट करते आणि वॅगनला जागा देत नाही, यामागे फक्त गिऱ्हाइकाची नावड आहे, असं मला म्हणता येत नाही.

जनरल मोटर्सची कॅप्रिस आणि रोडमास्टर वॅगन १९९६ पर्यंत टिकली. दोन्ही टेक्सासच्या आर्लिंग्टन कारखान्यात बनत. शेवटी तो कारखाना ट्रक आणि टाहोसारख्या मोठ्या एसयूव्हींसाठी बदलला गेला. तिथे गाडीमागे कैक पट जास्त नफा होता. पिकअपचा सांगाडा तयार, त्यावर बंद बॉडी चढवायची. १९९१ ची एक्सप्लोरर अशीच रेंजर पिकअपवरून आली.

ट्रकच्या रकान्याला बाकी सवलतीही होत्या. कमी मायलेजवरचा ‘गॅस गझलर’ कर १९८० च्या मॉडेलपासून फक्त कारला. एसयूव्ही, मिनीव्हॅन, पिकअपला तो आजही नाही. मागच्या काचेतला तिसरा ब्रेक दिवा कारला १९८६ पासून सक्तीचा, हलक्या ट्रकला १९९४ पासून. छताच्या मजबुतीचा नियम कारला १९७३ पासून, ट्रकला तोही १९९४ पासून. बंपरचा नियम ट्रकला कधी लागलाच नाही. एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण घरातली तीच माणसं आणि तेच सामान वाहणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीवर ही सगळी ओझी आहेत आणि दुसरीवर नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवीन नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला आणि टाटांनी इंडिगोची डिकी कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली. डिकी आखूड हवी, असं कुठलंही गिऱ्हाईक मागत नव्हतं. करपट्टीने गाडीला आकार दिला आणि पुढे तोच आकार बाजाराची सवय झाला.

आता तुमचा २०११ चा मुद्दा. नियम बदलला तो फक्त टू-व्हील-ड्राइव्ह आणि ६००० पौंडांच्या आतल्या एकूण वजनक्षमतेच्या गाड्यांपुरता. तीच गाडी ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये घेतली की ती ट्रकच्या रकान्यात जाऊ शकते. अट अशी की पाचपैकी चार मापं जुळली पाहिजेत: पुढचा चढाव कोन (तळ न घासता जेवढा चढ चढता येतो तो) २८ अंश, मधला १४ अंश, मागचा २० अंश, पोटाखाली २० सेंटिमीटर, ॲक्सलखाली १८ सेंटिमीटर. कंपनी दोन बॉड्या बनवत नाही. ट्रकच्या मापात बसण्यासाठी जी उंची ठरते, तीच टू-व्हील-ड्राइव्हलाही मिळते. म्हणजे सीआर-व्हीची टू-व्हील-ड्राइव्ह ‘कार’ असली, तरी तिचा आकार ठरवताना ट्रकचा रकाना समोर असतोच. आणि चार चाकांमधला चौकोन कारएवढाच असला, तरी ट्रकच्या रकान्यातल्या गाडीला मायलेजचं लक्ष्य आजही सौम्य मिळतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा सुबारू या जपानी कंपनीचा. लेगसी वॅगन आणि आउटबॅक मुळात एकच गाडी. २००५ च्या मॉडेलला आउटबॅक उंचावली आणि ती हलक्या ट्रकच्या रकान्यात गेली. साधी, बुटकी लेगसी वॅगन तिथे बसत नव्हती. २००७ नंतर ती अमेरिकेत बंद झाली. उंचावलेली बहीण मात्र जोरात चालली. उंची लोकांना आवडली, हेही खरंच. पण कंपनीला ती उंची दोन्ही हातांनी हवी होती.

स्वतः तपासायचं असेल तर अमेरिकेत विकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचं दार उघडा. दार जिथे कुलपात बसतं त्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर एकूण वजनक्षमता आणि गाडीचा प्रकार छापलेला असतो: ‘पॅसेंजर कार’ किंवा ‘एमपीव्ही’ (बहुउपयोगी प्रवासी वाहन). एक सावधगिरी: ही सुरक्षा नियमांची वर्गवारी आहे, मायलेजची नाही. म्हणून टू-व्हील-ड्राइव्ह आरएव्ही-४ च्या दारावर ‘एमपीव्ही’ दिसतं, पण मायलेजच्या हिशेबात ती कार. एकाच गाडीची दोन सरकारी नावं. चर्चेत इथेच गफलत होते.

युरोपातल्या नव्या गाड्यांत एसयूव्हींचा वाटा निम्म्यापर्यंत पोचला, मान्य. पण तिथे वॅगनला उतार आहे, तिचा लोप नाही. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये नवी पासाट काढली तेव्हा सेडान बंद केली आणि फक्त वॅगन ठेवली. उंच बसायची हौस तिथेही आहे, महाग पेट्रोलही आहे. ट्रकचा सोयीचा रकाना नाही. दोन खंडांतला हा फरक निव्वळ आवडीने समजत नाही.

‘आईची गाडी’ हा शिक्का मात्र मी हलका मानत नाही. तो होता, आणि पुढे मिनीव्हॅनवरही बसला. पण वॅगनचा खरा हुकमी पत्ता दुसऱ्याच कारणाने गेला, असं मला वाटतं. जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनमध्ये तिसरी रांग मागे तोंड करून असायची. १९७८ मध्ये टेनेसी राज्यात मुलांच्या सुरक्षा-आसनाचा पहिला कायदा लागू झाला आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत तो आला. मागे तोंड असलेल्या त्या बाकावर सुरक्षा-आसन बसवायची सोय नव्हती. आठ माणसांची गाडी लहान मुलं असलेल्या घरासाठी पाच-सहांची झाली. नेमकी त्याच वेळी, १९८३ च्या नोव्हेंबरात, क्रायस्लरच्या मिनीव्हॅन आल्या: सरकतं दार, सपाट आणि खालची जमीन, सगळी आसनं पुढे तोंड केलेली, घरच्या गॅरेजमध्ये मावेल एवढी उंची. मूल आसनात बसवताना कंबर मोडून वाकावं लागत नाही. वॅगनपेक्षा ती सरळसरळ चांगली कल्पना होती, आणि इथे मी तुमच्याच बाजूला आहे. आसनं काढली की सपाट जमीन मिळते, या कलमाखाली ती कायद्याने ट्रक ठरली, हा कंपनीचा वरचा फायदा.

आता डिकी. सीआर-व्हीत मागच्या आसनांमागे ३९.३ घनफूट, गोल्फ स्पोर्टवॅगनमध्ये ३०.४. आकडे बरोबर आहेत, पण अमेरिकेत हे माप छतापर्यंत घेतात. आसनाच्या पाठीच्या वर रचलेलं सामान जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्यांच्या डोक्यावर येतं. मध्ये जाळी नसेल तर ती जागा वापरायची नसते. तुलना करायची तर टेप घेऊन जा. डिकीच्या काठाची जमिनीपासून उंची मोजा, चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी मोजा, आसनं पाडून लांबी मोजा, आणि मागची काच किती तिरपी आहे ते बघा. फ्रिजचं खोकं अडतं ते त्या तिरप्या काचेला. वॅगनचा काठ खाली असतो, त्यामुळे तीस किलोची बॅग मांडीपर्यंत उचलली की आत जाते. उंच एसयूव्हीत ती कमरेवर न्यावी लागते. छतावर सायकल किंवा शिडी बांधायची असेल तर फरक आणखी वाढतो: वॅगनचं छत जमिनीवर उभं राहून हाताला येतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की आज घ्यायचीच तर कुठली. २०२५ मध्ये अमेरिकेत नव्यात पर्याय मोजके आणि बहुतेक महाग होते. ऑडी आरएस-६ आणि बीएमडब्ल्यू एम-५ टूरिंग लाख डॉलरच्या वर, व्होल्वो व्ही-६० क्रॉस कंट्री त्यातल्या त्यात आवाक्यातली. आउटबॅक २०२६ च्या मॉडेलपासून उभट, एसयूव्हीच्या घाटाची झाली आहे, म्हणून मी तिला यात धरत नाही. कॅफेचा दंड जुलै २०२५ मध्ये शून्य झाला, पण त्याने उद्या वॅगन येणार नाही. कारखाने, साचे आणि डीलरची सवय आता दुसरीकडे गेली आहे.

जुन्यात दोन बघण्यासारख्या. २०१५ ते २०१९ ची गोल्फ स्पोर्टवॅगन: थर्मोस्टॅटच्या कवचातून कूलंट (इंजीन थंड ठेवणारा द्रव) गळतं, म्हणून इंजीन थंड असताना टाकीतली पातळी बघा आणि खाली गुलाबी-पांढरे सुकलेले डाग शोधा. मोठं काचेचं सनरूफ असेल तर कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात आणि पाणी आत उतरतं. पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. ऑल-व्हील-ड्राइव्हवाली असेल तर मागच्या क्लचचं तेल बदलल्याची पावती मागा, आणि तेव्हा पंपाची जाळी काढून धुतली होती का तेही विचारा. जाळी तुंबली की पंप जळतो आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालत राहते. दुसरी २०१८ ते २०२० ची ब्यूक रीगल टूरएक्स. गाडी उत्तम, जागा भरपूर, पण ती जर्मनीत रुसेल्सहाइमला बनत होती आणि जनरल मोटर्सने तिथली आपली ओपेल कंपनी २०१७ मध्येच विकली. मागचं दार, मागची काच, मागचे दिवे हे भाग मिळायला वेळ लागतो, त्यामुळे मागून ठोकलेली टूरएक्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. विमा काढण्याआधी जवळच्या बॉडीशॉपला त्या काचेची किंमत आणि ती यायला लागणारे दिवस विचारून ठेवा.