पालथ्या घड्यावर पत्ते

ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायच्या पत्त्यांच्या जुगारात, पडलेले पत्ते मोजून कॅसिनोला नमवता येते, हे आयबीएम ७०४ या संगणकावर आकडेमोड करून सिद्ध करणाऱ्या एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाबद्दल मला नितांत आदर आहे. फक्त १९६२ साली ते सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध करताना ही विद्या कधीतरी माझ्या मेहुण्यांपर्यंतही पोहोचेल, याचा विचार त्यांनी करायला हवा होता.

पुढे रूढ झालेली पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी आणि नव्वी यांच्याकडे काणाडोळा करायचा. बेरीज चढत गेली म्हणजे बारके पत्ते निघून गेले आणि खेळणाऱ्याच्या फायद्याचे मोठे पत्ते आत उरले, अशा वेळी रक्कम वाढवायची. त्यातही आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे, कारण बेरीज तीच असली तरी पाच कॅट शिल्लक असताना तिला फारसा अर्थ नसतो आणि एकच शिल्लक असताना तिला वजन येते. एकदा पडलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, या एका भरवशावर ही सगळी इमारत उभी आहे.

नेमका हाच भरवसा पडद्यावर पत्ते वाटणाऱ्या जुगाराच्या यंत्रावर मिळत नाही. गोव्याच्या कायद्यात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवर खेळायची मुभा मिळाली. हाडामांसाचा डीलर आणि हातात धरता येणारे पत्ते हवे असतील तर जलयानावर, म्हणजे पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटींवर जावे लागते. मेहुण्यांना बोट लागते, नांगरलेलीसुद्धा. त्यामुळे घरच्या लग्नासाठी ज्या हॉटेलात उतरलो होतो, तिथल्याच यंत्रासमोर त्यांनी बैठक मारली आणि मी जन्मभर खतावण्या लिहिल्या असल्यामुळे मोजण्याचे काम माझ्याकडे दिले.

बसल्याबरोबर मी नियमांचे बटण दाबले. तिथे स्वच्छ लिहिले होते की प्रत्येक डावापूर्वी सहाच्या सहा कॅट नव्याने पिसले जातात. (काही यंत्रे खऱ्या टेबलासारखी बरेच डाव त्याच पत्त्यांवर चालवतात, पण निम्मे पत्ते संपण्याच्या आतच सगळे पुन्हा पिसून टाकले तर मोजणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.) म्हणजे आधीच्या डावात चार एक्के गेले काय आणि चाळीस दुर्ऱ्या गेल्या काय, पुढच्या डावाला त्याची खबरच नसते. मी हे मोठ्याने वाचून दाखवले.

"दाजी, कंपनी असंच लिहिणार," मेहुणे म्हणाले. "मोजता येतं, असं कोण लिहील?"

या युक्तिवादाला उत्तर नसते. मी मोजू लागलो. पडद्यावर निळ्या झग्यातली एक चित्रातली बाई पत्ते वाटत होती आणि आम्ही हरलो तरी तितक्याच प्रसन्नतेने हसत होती. तिला आमचा बेत कळू नये म्हणून मेहुणे तोंडावर हात धरून "किती?" असे विचारत आणि मी तितक्याच हळू "अधिक चार, हातचे धरून" असे सांगत असे. यंत्राला पत्ते उचलायचे नसतात, पिसायचे नसतात, दमही खायचा नसतो, त्यामुळे एक बेरीज जिभेवर येईपर्यंत पुढचा डाव मांडलेला असे. मध्येच बायकोने येऊन ओटीचे नारळ किती उरले, असे विचारले, तेव्हा मी "उणे दोन" असे उत्तर दिले आणि ती बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली.

एकदा मेहुण्यांना एक्का आणि राजा असा साक्षात ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, लागला. शंभर रुपयांवर दीडशे मिळायला हवेत, यंत्राने एकशे वीस दिले. तीनास दोन या जुन्या दराऐवजी सहास पाच हा दर लावला की कॅसिनोची सरशी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, हे मी सांगितले. मेहुण्यांनी मला फक्त बेरीज विचारली.

पैसे जात होते त्याचे त्यांना दुःख नव्हते. आपल्याला कोणी हटकत नाही, हे मात्र त्यांना झोंबत होते. अमेरिकेत नेवाडा राज्यात मोजणाऱ्याला कॅसिनोवाले बाहेरची वाट दाखवू शकतात, आणि न्यू जर्सीत केन उस्टन या खेळाडूला याच कारणावरून मज्जाव केला, तेव्हा १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, एवढे सगळे त्यांनी पाठ करून ठेवले होते. कॉलर धरली गेली असती, तर ते भाषण झाले असते. प्रत्यक्षात वेटर येऊन लिंबू सोडा ठेवून जात होता.

अखेर कोट घातलेला एक तरुण आमच्या दिशेने आला. मेहुणे ताठ बसले. "आम्ही डोक्यात मोजतोय, यंत्र वापरत नाही," त्यांनी आधीच जाहीर केले.

"हो साहेब, मघापासून पाहतोय," तो अदबीने म्हणाला. "कागद-पेन्सिल देऊ का?"

हरलेल्या रकमेने झाला नसेल इतका अपमान मेहुण्यांचा त्या प्रश्नाने झाला. मी मात्र कागद घेतला आणि बेरीज उणे तीनवर होती, ती आधी टिपून ठेवली.