खुंटा मंडपवाल्याचा, डोक्याला ताप माझ्या

मंडपवाल्यांनो, तुमचे खुंटे मोजून नेत जा रे! हात जोडून सांगायलोय.

लातूरच्या बाहेर आमचं लग्नाचं लॉन्स आहे. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात हिरवळ जगवायची म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू, गवत घोट्याच्या वर. मोअर काढला आणि दहाव्या मिनिटाला खाडकन आवाज. गवतात लोखंडी खुंटा! मंडप निघून आठ दिवस झाले, पण खुंटा आपला तिथंच, पाहुण्यासारखा.

इंजिन जागेवर बंद. पुन्हा दोरी ओढली तर असा उलटा हिसका बसला की बोटं सोलवटली. प्लग नवा, पेट्रोल ताजं, ठिणगीपण पडायली. म्हणजे इंजिनातली चावी तुटली, कुलपाची नव्हे, मॅग्नेट जागेवर धरणारी. या मोअरचं पातं थेट क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला जोडलेलं असतं. पातं अडलं की क्रँक थांबतो, पण वरचं जड मॅग्नेट (फ्लायव्हीलला आपल्याकडं सगळे हेच म्हणतात) फिरायला बघतं. मग मधली मऊ धातूची चावी कापली जाते, मॅग्नेट केसभर सरकतं आणि ठिणगी भलत्याच वेळेला पडते. चावी बोटाच्या पेराएवढी. दुरुस्ती दहा मिनिटांची.

दहा मिनिटांची! मॅग्नेट निघालं तर.

नट सुटला. प्लगच्या भोकातून दोरी आत सारून पिस्टन अडवला, गोटी पाना लावला, सुटला. पण नट नुसता नावाला असतो, खरी पकड शाफ्टची, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकाची. शाफ्ट न् मॅग्नेट असे बसलेत जणू वेल्डिंग केलंय. मी हलवलं, पोपट. डिझेल सोडलं, रात्रभर ठेवलं, पोपट.

मग सल्ले. आमच्या माळीमामांचं एकच, "मालक, घण आणू का?" शेजारचा म्हणाला गॅसनं तापव. अरे बाबा, त्यात चुंबक आहे, तापवून त्याची ताकद घालवू का? चौकातला गाडी मेकॅनिक मोठ्या तोऱ्यात मॅग्नेट पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं अवजार, घेऊन आला. तो मोटरसायकलचा, मधल्या आट्यात फिरवायचा. इथं मधे आटेच नाहीत! "कशाला टेन्शन घ्यायलाव भैय्या," म्हणत त्यानं नट न लावताच शाफ्टच्या टोकावर हातोडा घातला. पहिले दोन आटे चेपले. वरून स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटायला गेला, तर मॅग्नेटवरच्या पंख्याचं एक पातं टचकन तुटलं. वर चहा पिऊन गेला.

राग मेकॅनिकचा कमी, इंजिन बनवणाऱ्याचा जास्त आहे. मॅग्नेटला दोन भोकं दिलीत, पण त्यांना आटे दिले नाहीत. त्यांचा वेगळा पुलर घ्यायचा, त्याचे बोल्ट स्वतःच आटे पाडत आत जाणार. तो पुलर लातुरात कुणाकडं नाही. सोबतच्या पुस्तिकेत काय, तर 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा'. ते पुण्याला! चारशे रुपयांत चावी देतो म्हणणारा दुकानदार पुलरचं नाव काढलं की फोन ठेवतो.

शेवटी एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं जाड पट्टीला तीन भोकं पाडून दिली. दोन बोल्ट मॅग्नेटमध्ये, मधला शाफ्टवर. शाफ्टचे आटे वाचावेत म्हणून नट टोकाबरोबर लावून ठेवला. आवळत गेलो, पट्टी वाकायला लागली, मॅग्नेट हलंना. हात दुखून आले, तसंच ताणात ठेवून झोपलो.

रात्री दीडला शेडमधून 'ठण्ण!' कुत्री भुंकायला लागली. उठून बघतो तर मॅग्नेट सुटून नटाला अडलेलं. दिवसभर घाम गाळला तेव्हा नाही, मी घोरायलो तेव्हा निघालं! चावी मधोमध कापलेली, अर्धी शाफ्टच्या खाचेत, अर्धी मॅग्नेटमध्ये. पिनेनं उकरून काढली, हातावर घेतली, वजन काही लागंना.

सकाळी मॅग्नेट आणि ठिणगी देणारी कॉइल यांच्या फटीत विजिटिंग कार्ड घालून अंतर लावत होतो, तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन.

"दादा, आमचा एक खुंटा कमी भरायलाय. तिथं राहिला का बघता का जरा?"