"काढ्याला जंतू सरावत नाहीत" हे कुणी सांगितलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जंतू आता अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, म्हणून गोळ्या ताबडतोब बंद करा, सात दिवस हळद, कडुलिंब, लसूण आणि दारुहळदीचा काढा घ्या, वनस्पतींना जंतू कधीच सरावत नाहीत, साइड इफेक्ट शून्य. माझ्या आत्यानं तो वाचला आणि तसंच केलं. तिला शुगर आहे, लघवीचं इन्फेक्शन झालेलं, गोळ्या सुरू होऊन दोनच दिवस झालेले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, कमरेत कळा, इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलेलं, मग आठवडाभर ॲडमिट. म्हणून हे लिहितेय, आणि रागानंच लिहितेय.

"गोळ्या बंद करा" हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. जंतू दाद देत नाहीत म्हणजे कुठले जंतू, कुठल्या औषधाला? ते युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासून पाहिल्यावर कळतं. आत्याच्या रिपोर्टमध्ये औषधांची लांब यादी होती, काहींपुढे 'आर' म्हणजे रेझिस्टंट, लागू न पडणारं, काहींपुढे 'एस' म्हणजे लागू पडणारं. तिला जी गोळी चालू होती तिच्यापुढे 'एस' होतं! बरं करणारं औषध घरात होतं आणि ते डब्यात पडून राहिलं, एका मेसेजपायी.

आता "वनस्पतींना जंतू सरावत नाहीत". हे तर धडधडीत खोटं आहे, आणि ज्या दारुहळदीचं नाव घेतलंय तिच्याच बाबतीत खोटं. दारुहळदीत बर्बेरिन असतं, ते जंतू मारू शकतं. पण गळवं करणारा स्टॅफिलोकोकस जंतू आपल्या आवरणातल्या पंपानं ते बाहेर फेकून देतो, आणि हाच पंप नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिकही बाहेर फेकतो, त्यावरूनच त्याचं नाव 'नॉर-ए'. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की या जातीच्या झाडांमध्ये तो पंप अडवणारा आणखी एक पदार्थही असतो. म्हणजे जंतूच्या या युक्तीवर झाडालासुद्धा तोड काढावी लागली, आणि मेसेजवाले म्हणतात जंतू सरावतच नाहीत. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या, तेही वनस्पतीतूनच आलं, चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, आणि कंबोडियात मलेरियाचे परजीवी त्यालाही पूर्वीसारखी दाद देईनासे झालेत.

हळद, लसूण प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मारतात, ठीक आहे. बशीत फिनेलनंही मरतात. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं, ते किडनीतल्या इन्फेक्शनपर्यंत पोचणार कसं?

साइड इफेक्ट शून्य म्हणे. बर्बेरिननं रक्तातली साखर उतरते, शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला हे न सांगता काढा पाजायचा?

एक गोष्ट खरी आहे, नाइलाजानं मान्य करते. रेझिस्टन्सचं, म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याचं संकट मोठं आहे, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट त्यामुळे गेली. आणि सर्दीला मेडिकलमधून परस्पर अझिथ्रोमायसिन आणून खाणारे आपणच ते वाढवतो. सर्दीला अँटिबायोटिक नकोच, आल्याचा चहा प्या. पण लघवीला जळजळ आणि सोबत थंडीताप, कंबरदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि कोर्स किती दिवसांचा ते त्यांनाच ठरवू द्या. आत्याचा अजून चालू आहे, गोळ्यांचा डबा सध्या माझ्याकडे आहे.