मिरर म्हणजे बॅकअप नव्हे
‘सर्व्हरमध्ये दोन डिस्क मिरर केल्या की छोट्या धंद्याला वेगळा बॅकअप लागत नाही’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. मिरर म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिणं; तो फक्त एक डिस्क बिघडली तर वाचवतो. फाइल चुकून डिलीट झाली किंवा रॅन्समवेअरनं (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसनं) लॉक केली, तर तेच दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी होतं.

दारव्ह्याकडे आमचं कापसाचं जिनिंग आहे. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज पडली आणि मिरर केलेल्या दोन्ही डिस्क गेल्या. बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरलाच लावलेली, तीही गेली. शेतकऱ्यांच्या काटापावत्या गोळा करून हिशेब पुन्हा लिहायला दीड महिना लागला. आता बॅकअपच्या दोन डिस्क आलटूनपालटून वापरतो, एक रोज संध्याकाळी घरी नेतो. महिन्यातून एकदा जुन्या कॉम्प्युटरवर डेटा रिस्टोर करून खाती जुळतात का, तेही बघतो.