राणीछाप रुपये, कार्बन पेपर आणि आमची मावशी

परवा नाशिकला पंचवटीत मावशीकडे गेलो तर बाई राणीछाप रुपये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे जुने रुपये, परदेशी पार्सलने पाठवायला कार्बन पेपरात गुंडाळत बसलेली. दर लक्ष्मीपूजनाला ताटात निघतात तेच, अकरा. का तर व्हॉट्सअॅपवर आलंय, "जुनी नाणी परदेशात लाखाला जातात, घासून लख्ख करा, कार्बन पेपरात गुंडाळा म्हणजे एक्स-रे मशीनला दिसत नाहीत, कस्टमच्या डिक्लेरेशनवर गिफ्ट ५०० रुपये लिहा, ८०० डॉलरपर्यंत अमेरिकेत ड्यूटी नाही, हरवलं तर इन्शुरन्स आहेच". ग्रुपवर तिघांनी अंगठेपण दिलेत!

कार्बन पेपर म्हणजे काय हो, कागद आणि काजळी. एक्स-रे त्यातून आरपार जातो, अडतो तो चांदीला. म्हणजे स्क्रीनवर अकरा गडद गोल अगदी ठसठशीत दिसणार, आणि पाकीट उघडल्यावर हे मुद्दाम लपवलंय हेही आपणच सांगितल्यासारखं. हे कुणाला सुचलं असेल देव जाणे.

आणि दिसलं तर काय होतं ते फॉरवर्डमध्ये नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२. शंभर वर्षं जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, त्यात नाणं नाव घेऊन लिहिलंय. देशाबाहेर पाठवायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला. बाकी कुणी पाठवलं तर कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, वर दंड. मावशीचं वय ७१. पुरातत्त्व खात्याचा दाखला मिळतो म्हणे, मिळतो की, पण ही वस्तू पुरावस्तू *नाही* असा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाला तो कसा मिळेल?

८०० डॉलरचं खरं होतं, मान्य. पण अमेरिकेने ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून काढलीये. इन्शुरन्सचं तर सोपंय, ५०० लिहिलंत तर फार तर ५०० मिळणार, लाख कुठून येणार?

लाखाचं म्हणाल तर १८६२ सालचे रुपये टाकसाळीने पुढची कित्येक वर्षं तीच तारीख टाकून पाडले, घरोघरी आहेत. आणि जुनी नाणी विकत घेतो पण आधी कमिशन भरा म्हणणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय. नोटा छापणाऱ्या गावात राहतो आपण, त्र्यंबक रोडला अंजनेरीत नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, म्युझियमसकट, आणि आपण नाण्यांची अक्कल फॉरवर्डकडून घेतोय.

घासायचं राहिलंच. संग्राहक घासलेलं नाणं बघूनच तोंड वाकडं करतो, मूळ झळाळी आणि वर चढलेला काळपटपणा यालाच तर तो पैसे देतो. हे सांगेपर्यंत मावशीचे सात रुपये चिंच लावून झाले होते, उरलेले चार मी डबीत घालून डबी फडताळात वर ठेवून आलोय.