कायद्यात राहाल तर मारिओ खेळाल

सगळ्यात आधी तुमचं अभिनंदन. वय चाळीस, घराचे हप्ते अजून अकरा वर्षं बाकी, आणि तरी रविवारी दुपारी वरणभात खाऊन आडवं पडल्यावर तुम्हाला मारिओ आठवला. फोनवर एम्युलेटर टाकावा, कुठूनतरी गेमची फाइल उतरवावी असं मनात आलं ना? आलं असणारच. पण थांबा. तुम्ही सज्जन माणूस, समोर मामा उभा असेल तर सिग्नललासुद्धा थांबता, तुम्हाला चोरी शोभत नाही. सगळं कायदेशीर कसं करायचं ते मी सांगतो, फक्त थोडा वेळ काढा, साधारण पन्नास-साठ वर्षं.

एम्युलेटरला घाबरू नका. तो बिचारा नकलाकार, एका मशीनने दुसऱ्या मशीनची हुबेहूब नक्कल करायची एवढंच त्याचं काम, आणि नकला करणं गुन्हा असता तर आपल्या गॅदरिंगमधली निम्मी पोरं आत असती. अमेरिकेत हे कोर्टात लढूनही झालंय. १९९९ मध्ये कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने मॅक कॉम्प्युटरवर सोनीच्या प्लेस्टेशन या गेमच्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर काढलं, सोनीने खेचलं कोर्टात, आणि २००० साली अपील कोर्टाने सांगितलं की प्लेस्टेशनमधला बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम, उलगडून बघणं, त्यासाठी त्याच्या कॉप्या काढणं, हा रास्त वापर आहे. जिंकली की कनेक्टिक्स! पुढच्याच वर्षी सोनीने ते प्रॉडक्टच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं. ब्लीम म्हणून दुसरी एक कंपनी होती, तिलाही सोनी कोर्टात हरवू शकली नाही, पण वकिलांची बिलं भरता भरता ती २००१ मध्ये आपोआप झोपली. तेव्हा बिनधास्त केस लढा, जिंकाल, फक्त आधी एफडी मोडून ठेवा.

आता राहिली गेमची फाइल. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण मनाने फार मोठा. कलम ५२ म्हणतं की प्रोग्रामची प्रत तुमच्याकडे कायदेशीररीत्या असेल, तर ती हरवली, फुटली, खराब झाली तर असावी म्हणून बॅकअप काढायला हरकत नाही. झालं तर मग! स्टूल घ्या आणि माळ्यावर चढा. आकाशकंदिलाचा सांगाडा बाजूला करा, मिक्सरची फुटकी भांडी बाजूला करा, त्याखाली बुटाच्या खोक्यात ती पिवळी कॅसेट असेल, वर स्टिकर '९९९९ इन १'. बाबांनी बोनसमधून आणली होती आणि दुकानदार म्हणाला होता, साहेब एकदम ओरिजिनल, जपान. त्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवमध्ये खरे गेम आठ-दहा, बाकी सगळा तोच मारिओ, कधी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, कधी आभाळ काळं असलेला, कधी नुसताच नाव बदललेला. आणि ज्या डब्यात आपण ती कॅसेट फुंकर मारून खुपसायचो तो डबासुद्धा मारिओवाल्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या मशीनची बिनपरवाना कॉपी. म्हणजे आपण अख्खं बालपण ज्याला ओरिजिनल म्हणून छातीशी धरलं तो चोरीचा माल होता, आणि आता त्याची कायदेशीर बॅकअप काढायला तुम्ही स्टुलावर उभे आहात. बाबांकडे कुकरचं गॅरंटी कार्ड अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आहे, याची पावती मात्र नाही. विचारू नका, उगाच बीपी वाढेल.

ठीक आहे, मग परदेशातून खरी कॅसेट मागवा, कस्टम भरा, ती वाचणारं यंत्र मागवा, पुन्हा कस्टम भरा. खर्च झाला तरी आत्मा स्वच्छ. जुन्या कॅसेटला निदान कॉपी रोखणारं कुलूप तरी नव्हतं, नव्या गेमांना असतं. गेम तुमचा, पैसे तुमचे, कुलूप कंपनीचं. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं, हक्कभंग करायच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. 'हेतूने' हा शब्द लक्षात ठेवा आणि कुलूप तोडताना चेहऱ्यावर हेतू अजिबात दिसू देऊ नका, देवघरात निरांजन लावताना असतो तसा चेहरा ठेवा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात तर तुमच्या निर्मळ मनाला तेवढीही किंमत नाही. स्विच या निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल करणाऱ्या युझू नावाच्या एम्युलेटरवर निन्टेन्डोने २०२४ मध्ये केस टाकली ती याच कुलपाच्या मुद्द्यावर, आणि आठवडाभरातच त्या मंडळींनी २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करून दुकान बंद केलं. मूळ मुद्द्यावर निकाल लागलाच नाही. त्यामुळे खरं कोण होतं यावर तुम्ही कट्ट्यावर आयुष्यभर वाद घालू शकता, ते मात्र पूर्ण कायदेशीर आहे.

एवढं करायचा कंटाळा येत असेल तर मनाची समजूत घालायचे पारंपरिक उपाय आहेतच. चोवीस तासांत डिलीट केलं तर चालतं, हा त्यातला सगळ्यात जुना. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते विचारायचं नसतं, मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे का जायचं हे आपण विचारतो का? दुसरा उपाय म्हणजे 'फक्त शैक्षणिक हेतूसाठी'. आणि सगळ्यात भारदस्त उपाय, जतन. तुम्ही चोर नाहीच, तुम्ही गेमांचे इतिहासाचार्य राजवाडे. ते गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करायचे, तुम्ही रात्रभर वायफायवर दोन टीबीची हार्ड डिस्क भरता, फरक एवढाच की राजवाडे ती दप्तरं वाचायचेही. तुम्ही चार हजार गेम जतन केलेत, त्यातले खेळलात तीन, आणि तिन्ही मारिओच. काही जण तर इतके तळमळीचे की निन्टेन्डोच्याच तक्रारीनुसार त्यांच्या झेल्डा या मालिकेतला २०२३ चा गेम बाजारात यायच्या आधीच दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाला होता. वारसा जन्मायच्या आधीच जतन! पुरातत्त्व खात्याला जमेल का हे?

बरं, सरळ विकत घ्यायचा म्हटलं तर? घ्या ना. निन्टेन्डोच्या वी या मशीनचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं, थ्रीडीएस आणि वी यू या मशीनांचं मार्च २०२३ मध्ये. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून बघितलं तर तिथे २०१० आधी आलेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. कंपनी विकणार नाही आणि तुम्ही उतरवलात तर तिचं नुकसान होणार, हे गणित ज्याला समजलं त्याने मलाही समजवा, मी चहा पाजतो. निदान लायब्ररीतून संशोधकांना तरी घरबसल्या जुने गेम बघू द्या अशी मागणी होती, तीही २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने नाकारली. कंपन्यांची भीती काय, तर लोक मजेसाठी खेळतील. गेम. मजेसाठी. काय दिवस आलेत राव! आणि याच सोनीने २०१८ मध्ये छोटा प्लेस्टेशन क्लासिक विकायला काढला तेव्हा आत काय बसवलं होतं? लोकांनी फुकटात, हौसेने बनवलेला ओपन सोर्स एम्युलेटर. लायसन्स पाळून, अगदी कायदेशीर. म्हणून सांगतो, नकलाकार वाईट नसतो, फक्त मानधनाची पाकिटं कोणाच्या खिशात जातात ते बघायचं असतं.

एवढं सगळं ऐकून 'मरू दे, उतरवतोच' म्हणत असाल तर तुमची मर्जी, पण आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी एकदा बघून ठेवा. प्रोग्रामची चोरीची प्रत माहीत असून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. हां, धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पन्नास हजारांत नवा स्विच येतो.

त्यापेक्षा थांबा. आपला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, अमेरिकेत कंपनीच्या अशा कामावर ९५ वर्षं हक्क, म्हणजे १ जानेवारी २०८१ ला तिथे तो सगळ्यांसाठी मोकळा. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं मोजतात, त्यासाठी आधी कुणाच्या तरी मरणाची वाट बघावी लागते, ते काही बरं दिसत नाही, आपण अमेरिकेचीच तारीख धरू. तुम्ही तेव्हा शंभरीला आलेले असाल. आणि समजा त्याआधीच गेलात, दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, भटजी घड्याळ बघतायत, भातावर माश्या बसायला लागल्यात, तर पोराने घाबरून जाऊ नये, पुढे होऊन हात जोडून एवढंच म्हणावं, "बाबा, आठवी लेव्हल राहिलीय ना? २०८१ ला नक्की पूर्ण करतो."