होळी बनली, वाडा बनला, पुरण बनेना

आमच्या स्टुडिओत (जाहिरातींत कम्प्युटरवर इफेक्ट घालायचं काम) अकरा माणसं आहेत आणि गेल्या दिवाळीपर्यंत अकराही जण फाइलला आपापल्या पद्धतीने नाव ठेवायचे आणि बाकीच्या दहांच्या फाइलींना नावं ठेवायचे. फायनल, फायनल २, फायनल खरी, फायनल सरांनी ओके केलेली, आणि एक होती नुसतीच 'हीच'. त्या 'हीच'ने आम्हाला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं, कारण ती ती नव्हती.

मग सरांनी ठरवलं की आता पाइपलाइन सॉफ्टवेअर घ्यायचं. म्हणजे फोल्डर तेच बनवणार, फाइलला नाव तेच देणार, आर्टिस्टने फक्त सेव्ह दाबायचं. आता हे सगळं सेट कोण करणार, तर मी, कारण मला पायथन येतं, म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी पन्नास फाइलींची नावं बदलणारी स्क्रिप्ट लिहिली होती आणि त्यातल्या अठ्ठेचाळीस नंतर सापडल्या होत्या. घरी सांगितलं की मी आता पाइपलाइन बघतो, तेव्हापासून सोसायटीत पाणी आलं नाही की वरच्या मजल्यावरचे काका मलाच फोन करतात.

सेट करायचं म्हणजे काय, तर एका टेक्स्ट फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायचं की प्रोजेक्टच्या आत सीक्वेन्स (म्हणजे एका प्रसंगाचे शॉट), सीक्वेन्सच्या आत शॉट, शॉटच्या आत डिपार्टमेंट, त्यात वर्क (चालू काम) आणि पब्लिश (पुढे द्यायचं झालेलं काम) असे दोन, आणि मग फाइल. मुक्काम पोस्ट तालुका जिल्हा, फक्त उलट्या बाजूने. मला वाटलं अर्ध्या दिवसाचं काम. पहिला अर्धा दिवस कंपॉझिटिंगच्या (शॉटचे सगळे थर एकत्र जोडायच्या कामाच्या) फोल्डरला काय म्हणायचं यातच गेला. एक म्हणे कॉम्प, एक म्हणे सीएमपी, लायटिंगवाला म्हणे काहीही म्हणा पण आमचा फोल्डर त्यांच्या आत नको.

तरी यातल्या काही रीती मला मनापासून आवडल्या बरं का. शॉटला १, २, ३ असे नंबर देत नाहीत, ०१०, ०२०, ०३० देतात, कारण डायरेक्टर मधेच एक शॉट घुसवणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, मग त्याला ०१५ म्हणायचं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं. फ्रेमसुद्धा १ पासून नाही, १००१ पासून मोजायच्या. हे मी प्रोड्यूसर ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आहेर आहे का रे?" तसं नाही, एडिटरने उद्या शॉटच्या अलीकडे आठ फ्रेम जास्तीच्या मागितल्या तर ९९३ वर जाता येतं, १ पासून सुरू केलं असतं तर उणे सातवर गेलो असतो. आणि व्हर्जन ००१ असं लिहायचं, नुसतं १ नाही, नाहीतर अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत १० हा २ च्या आधी येऊन बसतो. हे सगळं मी सहा पानी पीडीएफमध्ये लिहिलं, सगळ्यांना पाठवलं, क्लायंटलाही पाठवलं, ते म्हणाले छान आहे, आम्ही हेच नियम आमच्या चेकरमध्ये, म्हणजे आलेल्या फाइली आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकतो. मी दोन दिवस खुशीत होतो.

मग यॅमल आलं. ही सेटिंगची फाइल यॅमल नावाच्या प्रकारात असते आणि त्यात कोण कोणाच्या पोटात हे ओळीच्या आधी किती स्पेस सोडल्यात त्यावर ठरतं. टॅब दिलेला चालत नाही. म्हणजे अख्खा संसार रिकाम्या जागेवर उभा. रात्री साडेअकराला ते म्हणालं ओळ २१४ वर चूक आहे, मी २१४ कडे पाऊण तास बघत बसलो, ती बिचारी निर्दोष होती, चूक २०९ वर होती, एक स्पेस जास्त. ती काढायच्या नादात मी आणखी एक वाढवली, एरर गेला, मी घरी गेलो, आणि सकाळी बघतो तर लायटिंगचा फोल्डर कॉम्पच्या पोटात. लायटिंगवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता मुख्य गोष्ट. काम होतं होळीच्या जाहिरातीचं, चाळीस सेकंद, चौदा शॉट, आम्ही करायची मुख्य गोष्ट म्हणजे पुरणपोळीवरची वाफ. (पोळी खरी होती, पण शूटिंगच्या लाइटखाली गार होऊन चिवट झालेली, वाफ कुठली येतेय.) क्लायंटची एकच अट, सीक्वेन्सचं नाव तीन इंग्रजी अक्षरांत. होळीचं एचओएल, वाड्याचं डब्ल्यूएडी, पुरणाचं पीआरएन. सगळे माझ्या खुर्चीमागे उभे, सर चहा घेऊन, मी बटण दाबलं. होळी बनली, वाडा बनला, पुरण बनेना.

परत दाबलं. नाही. मग सॉफ्टवेअर बाजूला ठेवून साध्या विंडोजमध्ये राइट क्लिक, न्यू फोल्डर, पीआरएन, एंटर. विंडोज म्हणे डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. अरे डिव्हाइस कसलं, पुरण आहे ते! स्मॉल अक्षरांत करून बघितलं, परमिशन बघितली, मशीन रीस्टार्ट केलं, दुसऱ्या मशीनवर केलं, लायटिंगवाला (अबोला सोडून) म्हणाला सरक, मी करतो, त्यालाही जमेना. शेवटी शोधून कळलं की पीआरएन म्हणजे प्रिंटर. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या, काळापासून हे नाव प्रिंटरसाठी राखीव आहे, तसंच सीओएन, एयूएक्स, एनयूएल, ही नावं फोल्डरला द्यायचीच नाहीत. ऐंशीच्या दशकात कोणीतरी प्रिंटरच्या नावाने रुमाल टाकला आणि चाळीस वर्षं झाली तरी ती सीट तशीच अडवलेली. आमच्याकडे प्रिंटर नाहीये हो, आम्ही खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो.

क्लायंटला कळवलं तर ते म्हणे आमच्याकडे बनतोय की. त्यांच्याकडे विंडोजच्या जागी लिनक्स. लिनक्सला प्रिंटरचं काही पडलेलं नाही, त्याचं दुखणं वेगळंच, त्याला कॉम्पचा पहिला सी कॅपिटल आणि पहिला सी स्मॉल हे दोन वेगळे फोल्डर वाटतात, विंडोजला दोन्ही एकच. आमची रेंडरची (शेवटची चित्रं काढणारी) मशीन लिनक्सवर, त्यामुळे अर्धी वाफ एका फोल्डरात निघाली आणि अर्धी दुसऱ्या. असो. पुरणाचं नाव बदलून पीओएल, पोळी, असं केलं आणि गाडी पुढे गेली. तेवढ्यात एका फाइलचा पूर्ण पत्ता २६३ अक्षरांचा झाला आणि विंडोजची जुनी मर्यादा २६० ची, (ती उठवायची सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आहे, पण समोरच्या सॉफ्टवेअरलाही ती मान्य असावी लागते, आमच्या एकाला नव्हती), मग 'पब्लिश'चं 'पब' केलं. सरांनी ते स्क्रीनवर बघून मला केबिनमध्ये बोलावलं, तो भाग सोडतो.

पण सिस्टीम चालू झाली. एकही चुकीचं नाव नाही. डिलिव्हरीच्या रात्री डायरेक्टर आले आणि म्हणाले, "तो आजीचा दाखवा ना, वाफ अगदी नाकापर्यंत येते तो, परवा मला आवडलेला." समोर यादी. पीओएल ०४० कॉम्प व्ही ००९, व्ही ०१०, व्ही ०११, व्ही ०१२. परवाचा कुठला, नाकापर्यंतचा कुठला, कुणालाच सांगता येईना, एकेक उघडत बसलो, एकात वाफ हनुवटीपर्यंत, एकात थेट चष्म्यावर. वीस मिनिटं गेली. मग आमच्या कॉम्प आर्टिस्टने माझ्याकडे न बघता डेस्कटॉप उघडला, त्यात न्यू फोल्डर २, त्यात एकच फाइल. आजी वाफ भारी हीच.

या वेळी ती खरंच तीच होती. डायरेक्टर खूश, सर खूश. आता ती रीतसर सिस्टीममधून न्यायची म्हणजे पुन्हा रेंडर, पुन्हा दोन तास, आणि रात्रीचा एक वाजलेला. म्हटलं एकदाच, कुणाला कळतंय, आणि नाव हाताने टाइप करून पाठवून दिली.

दोन वाजून दहा मिनिटांनी क्लायंटच्या चेकरचा मेल आला. फाइल नाकारली, व्हर्जन नंबर तीन आकडी हवा, तुम्ही १३ लिहिलंय. नियम समजून घेण्यासाठी सोबत सहा पानी पीडीएफ जोडली होती.